बॉनेटवर राखून ठेवलेला चौकोन

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राची सुरुवात कोड्याने करते, वैतागू नकोस. जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलेल्या बाईची खोड निवृत्तीने जात नाही. माझी लाल गाडी उन्हात उभी राहून राहून खडूसारखी गुलाबी पडली आहे, हे तू पाहिलेच आहेस. पण तिच्यावर बादलीभर पाणी ओतले की क्षणात ती घेतली त्या दिवसाइतकी लालभडक दिसते. पाणी वाळले की पुन्हा खडू. असे का व्हावे? पाण्यात काही लाल रंग नसतो. मग हा लाल येतो कुठून आणि जातो कुठे? उत्तर पुढच्या पत्रात देईन. तोवर डोके खाजव, केस उरले असतील तर.

आता मुख्य बातमी. आमच्या इमारतीच्या कमिटीने काल गाडीच्या काचेवर कागद चिकटवला. आवारात पडून असलेली बेवारस वाहने या महिन्याच्या अखेरीस उचलून भंगारात दिली जातील, असे त्यात लिहिले आहे. मी तडक सेक्रेटरींकडे गेले आणि त्यांना सांगितले की या बेवारस वाहनातून मी परवाच वाचनालयात जाऊन आले, आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणेही जिवावर येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दर आठवड्याला तळ्यावर फिरवून आणते ती याच वाहनातून. ते हसून म्हणाले, बाई, गाडीकडे नुसते बघितले तरी कळते. मी विचारले, काय कळते? त्यावर त्यांना फोन आला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला.

तू विमा कंपनीत जन्मभर गाड्या तपासल्यास. गाडी उत्तम चालते, एवढे तुझ्या सहीने दोन ओळींत लिहून पाठव. बाकीचे मी बघते.

लोभ करतोसच, तो या खेपेस कागदावर उतरवावा, ही विनंती.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कोड्याचं उत्तर मला येत नाही आणि आलं असतं तरी दिलं नसतं. लहानपणी तुझ्या एका कोड्याचं उत्तर दिलं की पाठोपाठ दुसरं यायचं आणि जेवण गार व्हायचं, ते मी विसरलेलो नाही.

सही मात्र मागू नकोस. नोकरीत माझी एक पद्धत होती. बॉनेटवर बोट फिरवायचं. बोटाला पांढरी भुकटी लागली की रंग मेला. मग मी फार खोलात जात नसे, निकामी असा शेरा मारून मोकळा होई. तुझ्या गाडीवर बोट फिरवायचीही गरज नाही, नुसतं टेकून उभं राहिलं तरी पँट गुलाबी होते. माझी झाली होती. सगळी गाडी नव्याने रंगवणं म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग.

आणि एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेली बरी. कागद चिकटवण्याआधी सेक्रेटरींनी मला फोन केला होता. त्यांच्याकडे तुझा जवळचा नातेवाईक म्हणून माझा नंबर आहे. गाडीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, न्या. आता ओरड. पत्रातून ओरडलीस तर शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, तेवढीच सोय. या वयात तू गाडी चालवायची काही गरज नाही. टॅक्सी आहेत, बस आहेत, मी आहे.

हिने तुला नमस्कार सांगितलाय, आणि माझं नाव यात गोवू नका असंही सांगितलंय.

राग आला तरी लोभ असू दे.

तुझा,
ढब्बू


१८ फेब्रुवारी

ढब्बूस,
आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम हे दोन शब्द या खेपेस राखून ठेवले आहेत.)

ओरडत नाही. तू टॅक्सी आहे, बस आहे, मी आहे असे लिहिलेस. त्यांतली टॅक्सी बोलावली की येते, बस वेळेवर नाही पण येते, आणि तू दिवाणखान्याला नवे पडदे लावले तेव्हापासून फिरकलेला नाहीस. ते पडदे आता विटले. ही गाडी घेताना मी घरात कुणाला विचारले नव्हते. ती द्यायची वेळ आलीच तर तेव्हाही विचारणार नाही. मधल्या काळात तिच्याबद्दल न्या म्हणण्याचा अधिकार तुला कुणी दिला? मी तर दिलेला आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती किती वाईट खोड आहे हे तुला ठाऊक आहे.

आता कोड्याचे उत्तर. चकचकीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश रांगेत, एकाच दिशेने परततो. म्हणून त्यात आपले तोंड दिसते. ऊन-वाऱ्याने रंगाचा अगदी वरचा पापुद्रा झिजतो, खडबडीत होतो, आणि मग तोच प्रकाश शाळा सुटल्यासारखा चहूकडे उधळतो. त्या उधळलेल्या प्रकाशाचा पांढुरका पडदा लालावर पसरतो. आपण त्याला गुलाबी म्हणतो. पाणी त्या बारीक खाचा भरून काढते, वर सपाट होते आणि पडदा उठतो. म्हणजे लाल कुठून येतही नाही आणि कुठे जातही नाही. तो तिथेच आहे. तुझ्या बोटाला लागायची ती भुकटी म्हणजे मेलेला रंग नव्हे, त्याच्यावरची कोंडा झालेली कातडी. अशा किती धडधाकट गाड्यांना तू निकामी ठरवलेस, देव जाणे.

पण अनुमानावर थांबणे ही आळशी विद्यार्थ्यांची रीत. नव्या गाड्यांत रंगावर पारदर्शक लाखेचा थर असतो. तो सोलवटला असेल तर नुसते घासून काही साधत नाही. जुन्या गाड्यांत बहुधा तो नसतो. खात्री करायला मी दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन घासले. कापड लाल झाले! त्या लाल डागाकडे बघून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. लाख असती तर कापडाला रंग लागलाच नसता.

मग कामाला लागले. गाडी धुतली. धुऊनही हाताला खरखर लागत होती, म्हणून गाडीसामानाच्या दुकानात मिळतो तो चिकणमातीसारखा मऊ गोळा साबणाच्या पाण्यासोबत फिरवून रुतलेली धूळ ओढून काढली. गाडी सावलीत घेतली, कारण पत्रा तापलेला असला की रंगाचा खडबडीत थर झिजवणारे रबिंग कम्पाऊंड जागीच वाळते आणि कापडाऐवजी आपणच घासले जातो. बॉनेटवर चिकटपट्टीने पट्टे आखले. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईने कातरणातले मऊ सुती तुकडे दिले. आधी रबिंग कम्पाऊंड, मग पॉलिश, शेवटी मेण. पहिल्या पट्ट्यात मला आमच्या इमारतीची गच्ची दिसली, ढब्बू! बॉनेटमध्ये, उलटी!

एक चूक झाली, तीही सांगते. परीक्षेत जशी सर्व मुलांना सारखी वागणूक, तशी मी सर्व पट्ट्यांना सारखीच घासणी दिली; कुणावर अन्याय नको. बॉनेटच्या मधोमध जी उंच घडी आहे तिलाही तेवढीच. पण उंच कडेवर रंग मुळातच पातळ असतो आणि हाताचा सगळा भार तिच्यावरच पडतो. तिथे रंग आरपार गेला आणि खालचा राखाडी अस्तराचा थर उघडा पडला. बोटभर लांबीची रेघ आहे. माझी शिस्तच मला भोवली. ती रेघ मी लपवणार नाही.

आवारात माझी करमणूक म्हणून गणना होऊ लागली आहे. म्हातारी गाडीला पावडर लावते आहे, असे कमिटीतले एक गृहस्थ वरून म्हणाले. मी खालूनच कळवले की लावत नाही, उतरवते आहे.

लोभ आहे. तो कमी करण्याचा तुझा प्रयत्न अपुरा पडला, एवढेच.

ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. पडद्यांपाशी आल्यावर ती इतकी हसली की उरलेलं मला मनातच वाचावं लागलं.

कडांवर आधी चिकटपट्टी लावून त्या झाकायच्या असतात आणि शेवटी हलक्या हाताने पुसून घ्यायच्या असतात. हे मला माहीत होतं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण तू सही मागितलीस, सल्ला नाही. आणि खरं सांगायचं तर तू एवढं करशील असं मला वाटलंच नव्हतं. आता उरलेल्या कडा तरी झाक.

पण ताई, माझं भांडण रंगाशी कधीच नव्हतं. मागे तू मला स्टेशनवर घ्यायला आलीस त्या संध्याकाळी, समोरच्या गाडीचे दिवे अंगावर आले तेव्हा तू डोळे मिचकावलेस आणि आपलं वळण सोडून पुढे गेलीस. तू ते हसण्यावारी नेलंस. मला जमलं नाही. अपघातग्रस्त गाड्या बघण्यातच माझी नोकरी गेली. त्यांच्या सीटवर पडलेले चष्मे आणि पिशव्या मला दिसायच्या. तेव्हापासून फोन वाजला की आधी तुझंच नाव येईल असं वाटतं. म्हणून न्या म्हणालो. चमकणारी गाडी काही जास्त सुरक्षित नसते. यावर तुझ्या विज्ञानात उत्तर असेल तर कळव. नसेल तर तेही कळव.

भीतीपोटी केलेला आगाऊपणा पोटात घालावा.

तुझा,
ढब्बू


२ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (दोन्ही शब्द परत केले आहेत, कारण तू या खेपेस खरे कारण लिहिलेस.)

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण आधी महिनाअखेरीची हकिगत, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

सकाळीच गाडी ओढून नेणारा ट्रक आवारात आला. मी मुद्दाम खाली उतरले नाही, खिडकीतून पाहत राहिले. आदल्याच रात्री गावाहून परतलेले सेक्रेटरी हातात कागद घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग त्यांनी वॉचमनला विचारले की ती गुलाबी गाडी आधीच कुणी नेली का. त्या वेळी ट्रकचालक माझ्याच गाडीला टेकून उभा होता आणि तिच्या दरवाज्यात बघून केस सारखे करत होता! वॉचमनने नुसते बोट दाखवले. तेव्हा मी खाली गेले, आणि जिन्यावर एकदाही थांबले नाही.

सेक्रेटरी म्हणाले की बाई, रंग नवा मारला ते बरे केलेत, पण कागद आधीचा आहे आणि ठराव झाला आहे. मी म्हटले, थेंबभरही नवा रंग नाही. ते मानेनात. मग मी त्यांना बॉनेटवरचा चौकोन दाखवला. त्याबद्दल तुला लिहिले नव्हते. कोणत्याही प्रयोगात थोडा भाग जसाच्या तसा राखायचा असतो, म्हणजे काय बदलले ते ताडून बघता येते. तळहाताएवढी जागा मी पट्टीने झाकून ठेवली होती. तिला हात लावलेला नाही. चहूकडे लाल आणि मधे तो खडूसारखा गुलाबी तुकडा. ट्रकचालक वाकून बघत राहिला, मग म्हणाला, ही गाडी नेली तर मलाच लोक वेडा म्हणतील. सेक्रेटरींनी कागद खिशात घातला. मी तो मागून घेतला, त्यांच्या देखत गाडीत बसले, पहिल्याच किल्लीला गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर पडले.

आणि गेले ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तुझे पत्र पर्समध्येच होते.

तुझी भीती खरी निघाली, ढब्बू. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर समजावू लागले आणि मी जवळजवळ खुर्चीतून उठले. डोळ्यातले भिंग गढूळ झाले की समोरच्या दिव्याचा प्रकाश सरळ आत न जाता चहूकडे उधळतो आणि सगळ्यावर पांढुरका पडदा येतो! ही तर माझ्याच बॉनेटची कथा. पंधरा दिवस मी साऱ्या आवाराला जे समजावत होते ते माझ्याच डोळ्यात चालले होते आणि मला दिसले नाही. दिसणार तरी कसे म्हणा. डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, मात्र उत्तम आहे असे ते म्हणाले. म्हणजे इथेही लाल शाबूत आहे.

तेव्हा माझा निर्णय ऐक. विचारत नाही, कळवते आहे. शस्त्रक्रिया होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीचे चाक हातात घेणार नाही. त्या दिवशी येतानाही वॉचमनला फोन करून दवाखान्यात बोलावले आणि किल्ली देऊन गाडी त्यालाच चालवायला लावली. पुढे डॉक्टर हो म्हणाले तर चालवीन, आणि नाही म्हणाले तर तेही मान्य करीन, कारण ते तपासून सांगतील. नुसते बघून सांगणाऱ्यांचे मात्र ऐकणार नाही. मग तो सेक्रेटरी असो की सख्खा भाऊ.

शस्त्रक्रिया याच महिन्यात आहे. दवाखान्यातून घरी आणायला टॅक्सी नको, बस नको. तू आहेस असे तूच लिहिले होतेस. तू यायचेस आणि मला याच गाडीतून आणायचेस. वाटेत मैत्रिणीलाही घ्यायचे आहे; तळ्यावर जाऊन बरेच दिवस झाले. तिला नमस्कार सांग, म्हणजे तुझ्या हिला, आणि जमले तर तिलाही घेऊन ये. पँट काळजीने निवडायचे कारण उरलेले नाही.

लोभ दोन्हीकडून तपासून झाला आहे. शाबूत निघाला. असाच वापरात ठेवावा.

तुझी,
ताई

ता. क. गाडी सुरू करण्याआधी तुझी एक परीक्षा आहे. तो चौकोन मी तुझ्यासाठी अजून तसाच ठेवला आहे. बोट पाण्यात बुडव आणि त्याच्यावरून फिरव. मग तेच ओले बोट शेजारच्या राखाडी रेघेवरून फिरव. जिथे बोटामागे लाल उमटेल तिथे रंग जिवंत आहे, फक्त वरचा थर घासायचा आहे. ओले करूनही जिथे राखाडीच राहील तिथे तो खरोखर गेला. तुझ्या गल्लीतही अशी एखादी फिकुटलेली गाडी असेलच. तिला काही म्हणण्याआधी एवढेच कर: बोट ओले कर, फिरव, आणि ते वाळायच्या आत नीट बघ.