दुसऱ्या रिळातील तीन माणसे वर आणण्याबाबत

दि. २ मे १९८६

प्रति,
मा. पथक-प्रमुख,
फिरते विज्ञान-चित्रपट पथक,
नागपूर.

अर्जदार : कु. मालती उत्तम सोमकुवर, सहायक शिक्षिका, मु. पो. रामाकोना, तह. सौंसर, जि. छिंदवाडा (म. प्र.)

विषय : समुद्रतळाच्या चित्रपटाचे दुसरे रीळ तातडीने मिळणेबाबत, व ते न मिळाल्याने बौद्ध वस्तीच्या विहिरीचे खोदकाम बंद पडल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आलेले आपले तीन ओळींचे उत्तर. ३) श्री. नत्थूजी घागरे, जे अद्याप बसलेले आहेत.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, म्हणजे साहेबाला माणसाचा राग येत नाही, असे अर्जदाराचे वडील सांगत. ते सौंसरच्या तहसिलीत चपराशी होते व त्यांनी पुष्कळ अर्ज आत नेऊन ठेवले होते. तरी पुढे जिथे जिथे 'अर्जदार' येईल तिथे आपण एक बी. ए. झालेली, घसा बसलेली आणि सध्या उन्हात बसलेली मास्तरीण समजावी.

१. होळी होऊन आठवडा झाला नव्हता तोच आपल्या पथकाची निळी गाडी रामाकोन्याला आली. महाराष्ट्राची गाडी हद्द ओलांडून मध्य प्रदेशात शिरलीच कशी, असे आपण आपल्या उत्तरात विचारले आहे. चालक श्री. विजय यांची सासुरवाडी मोहगावला आहे, एवढे अर्जदाराला ठाऊक आहे, आणि तेही तिने इथे लिहिलेले नाही असे समजावे. शाळेपुढच्या दोन कडुलिंबांना पांढरा पडदा बांधला गेला. दिवेलागणीला अख्खे गाव जमले. समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या शास्त्रज्ञांचा चित्रपट आहे असे कळल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्याही आल्या, कारण इथल्या कोणी समुद्र वरूनसुद्धा पाहिलेला नाही.

२. चित्रपटातला माणूस इंग्रजीत बोलत होता. आपल्या पथकाचे म्हणणे पडले की लोकांनी नुसते चित्र बघावे. त्यावर सरपंच दादाजी उठून म्हणाले, "बाई, तुमी बी. ए. हाय ना? मंग सांगा ना काय बोलून राह्यला थो." अर्जदार पडद्याशेजारी उभी राहिली. तिचे इंग्रजी अर्धेमुर्धे आहे, पण समोर एवढी माणसे तोंडाकडे बघत असली की अर्धे पुरते. तीन शास्त्रज्ञ, दोन पुरुष आणि एक बाई, लोखंडी गोळ्यात बसून खाली निघाले होते. त्यांची इंग्रजी नावे कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून लोकांनीच त्यांना मनोहर, गुणवंता आणि सुधा अशी नावे दिली. उजेड संपला. आपापला दिवा घेऊन हिंडणारे मासे आले, तेव्हा नत्थूजींच्या पत्नी केसरबाई म्हणाल्या, "अवं माय, इतल्या खाली यायच्या दिव्यात तेल कोन टाकते?" अर्जदाराच्या शाळेत इतके चांगले प्रश्न कधी ऐकले गेले नव्हते, आणि ती मनातून फार खूश झाली, हे कबूल केले पाहिजे.

३. शेवटी गोळा तळाला टेकला. त्याच्या दिव्याच्या झोतात खडकातून काळा धूर ओकणारा एक खांब दिसला. तेवढ्यात निवेदक म्हणाला, आणि अर्जदाराने जसेच्या तसे मराठीत सांगितले, की या गोळ्याला वर ओढणारी दोरी नाही. एवढ्यात रीळ संपले. फितीचे शेपूट फडफडले, पडदा पांढरा झाला, आणि मनोहर, गुणवंता व सुधा तिघेही खाली राहिले.

४. दुसऱ्या रिळाचा डबा उघडला. त्यावर समुद्राचीच चिठ्ठी होती. आत मात्र निघाले 'संत्र्यावरील कोळशी रोग व त्याचे निवारण'. पथकाने न सांगता तेच पुढे लावून दिले. बैलाएवढे मोठे काळे किडे पडद्यावर चालू लागले, तेव्हा लोकांना वाटले की समुद्राच्या तळाशी हेच राहते. आमच्या संत्र्यावरची कोळशी समुद्रातून येते असा काहींचा समज झाला, तो अजून गेलेला नाही. मग तोंडाला फडके बांधलेला, पाठीवर पंप घेतलेला एक माणूस आला आणि झाडांवर फवारू लागला. दादाजींनी टाळी वाजवली. "आला रे, वर आला!" अर्धे गाव समाधानाने घरी गेले. उरलेल्या अर्ध्यात नत्थूजी होते. ते जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "गेले तीन, आला एक. बाकीचे दोन कुठी हाय?" दुसऱ्या दिवशी अर्जदाराने खुलासा केला की तो फवारणारा मनुष्य वेगळ्याच चित्रपटातला होता. तिला वाटले, गैरसमज दूर होईल. झाला. आता तिघेही खाली आहेत.

५. नत्थूजी घागरे कोण, हे आपणास कळणे जरूर आहे. या भागातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हाताखाली खोदल्या गेल्या. विहीर खोदणाऱ्यांचा इथे एक नेम आहे: खाली माणूस असला की काठ सोडायचा नाही. एकाने दोरी धरून बसायचे, आणि तो वर येईपर्यंत त्या टोळीने दुसरी विहीर उघडायची नाही. लग्नाची वरात जावो की बाजार भरो. आता आपल्या चित्रपटात तिघे खाली गेले, दोरी नाही म्हणाले, आणि काठावरची माणसे गाडीत बसून मोहगावला जेवायला निघून गेली. नत्थूजींच्या दृष्टीने याहून मोठा गुन्हा नाही. त्यांनी घरून दोर आणला, त्याचे एक टोक पडद्याच्या कडुलिंबाला बांधले, दुसरे हातात धरले आणि बसले. ते बसलेलेच आहेत. त्यांना उठावे लागते तेव्हा दोर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातो, खाली पडत नाही.

६. अर्जदाराने त्यांची समजूत घातली नाही असे नाही. ती म्हणाली, नत्थूजीबुवा, हा फोटो आहे. ते म्हणाले, "फोटू हाय हे मले समजते, बाई. पन फोटू कोनाचा तरी असते ना?" मग तिने बी. ए.चे सगळे तर्कशास्त्र पणाला लावले: चित्रपट इथवर पोचला म्हणजे कॅमेरा वर आला, कॅमेरा वर आला म्हणजे माणसेही आलीच. नत्थूजी म्हणाले, "बादली तं वर येतेच, बाई. मानूस आला असं थोडंच होते?" याचे उत्तर आपणाकडे असल्यास कळवावे.

७. आता मुख्य गाऱ्हाणे. बौद्ध वस्तीला स्वतःची विहीर मंजूर व्हायला अर्जदाराच्या वडिलांची हयात गेली. ती विहीर खडकापर्यंत आली आहे. नत्थूजींच्या टोळीने आणखी थोडे फोडले की पाणी लागेल, असे सगळेच म्हणतात. पण तीन माणसे खाली असताना टोळी विहिरीत उतरत नाही. अर्जदाराने मोहगाव व तिगावच्या टोळ्यांना विचारून पाहिले. ते म्हणाले, नत्थूजी बसून आहेत आणि आम्ही उतरावे, असे कसे होईल? मृग लागला की खोदकाम थांबेल, आणि मंजुरीही त्याच सुमारास संपते. तोवर वस्तीतल्या बाया, ज्यात अर्जदाराची आईही आहे, कन्हान नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. एका समुद्रामुळे आमची विहीर अडली आहे, महोदय. यात हसण्यासारखे काय आहे ते अर्जदाराला कळते. डोक्यावर पाण्याचा गुंड असला की हसता येत नाही, एवढेच.

८. दरम्यान कडुलिंबाखाली जे चालले आहे ते कळवणे भाग आहे. केसरबाई रोज नवऱ्याच्या भाकरीबरोबर खालच्या तिघांसाठी तीन भाकरी जास्तीच्या आणतात. त्या शाळेची मुले खातात, त्यामुळे हजेरी वाढली आहे. बाजाराच्या दिवशी सौंसरहून परतणारी माणसे उतरून दोराला हात लावून जातात. एका भजनी मंडळाने येऊन सुधाच्या नावाने दोन अभंग म्हटले. अर्जदाराने छिंदवाड्यालाही हिंदीतून एक अर्ज केला होता. त्यावर मत्स्य खात्याचा एक इसम माशांची पिल्ले घेऊन हजर झाला आणि तलाव कुठे आहे म्हणून विचारू लागला. त्यालाही नत्थूजींनी थोडा वेळ दोर धरायला लावला.

९. आपले उत्तर मिळाले. त्यात आपण लिहिता की रामाकोना आपल्या कार्यक्षेत्राबाहेर आहे. मान्य आहे. समुद्रही नागपूरच्या कार्यक्षेत्राबाहेरच आहे, तरी आपण त्याचा चित्रपट बाळगून आहात. पुढे आपण लिहिता की पहिले रीळही नजरचुकीने दाखवले गेले, कारण 'सदर विषय ग्रामीण जनतेच्या आकलनापलीकडचा आहे'. हे वाक्य वाचून अर्जदाराला राग आला. तो अजून आहे. साहेब, आपल्या कार्यालयात हा चित्रपट किती जणांनी पाहिला असेल, आणि त्यांपैकी किती जण ती माणसे वर आली की नाही या काळजीने रात्री झोपले नाहीत? आमच्याकडे अख्खे गाव झोपले नाही. याला आकलन म्हणत नसतील तर शाळेत अर्जदार जे शिकवते त्याला काय म्हणावे, हेही कळवावे.

१०. आता राहता राहिले एक. गावातले शहाणे लोक अर्जदाराला म्हणतात, "बाई, सांगून द्या ना म्हाताऱ्याले, आले म्हनून. काहून तानून राहिल्या?" एक शब्द बोलायचा अवकाश, विहिरीचे काम सुरू होईल. पण नत्थूजींना शालिकराम नावाचा धाकटा भाऊ होता. तो एका विहिरीत उतरला असताना काठावरचे दोघे वरात बघायला गेले. खाली कोंदट हवा होती. नत्थूजी सौंसरला बाजारात गेले होते, आणि परतल्यावर वाटेत त्यांना भेटेल तो सांगत होता, आला असेल वर, घरी जाऊन बघा. सगळ्यांनी चांगल्या मनानेच सांगितले. नत्थूजी घरी गेले, तिथे नव्हता, शेतात गेले, तिथे नव्हता. मग विहिरीवर गेले. हे त्यांनी अर्जदाराला दोर हातात देताना सांगितले, आणि पुढे म्हणाले, "तुमी मात्र ठाव असन तंच सांगजा, बाई." म्हणून अर्जदार 'आले' असे म्हणू शकत नाही. तिला ठाऊक नाही.

तरी विनंती की,

(अ) दुसरे रीळ नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीच्या गार्डाजवळ द्यावे. रामाकोना स्टेशनावर माणूस उभा राहील. पडदा, यंत्र आणि श्री. विजय यांची सोय मोहगावहून होऊ शकते.

(ब) रीळ सापडत नसल्यास आपण स्वतः ते पाहिलेल्या एखाद्या इसमास शोधून, दोरीवाचून ते वर कसे आले हे त्याच्याकडून सविस्तर लिहून घेऊन पाठवावे. नुसते 'सुखरूप आले' चालणार नाही. कसे आले, ते नत्थूजींना पटले पाहिजे.

(क) आणि ते आले नसतील, तर कृपया कागद पाठवू नये. आपण स्वतः यावे, नत्थूजींच्या शेजारी बसावे आणि तोंडाने सांगावे. पुढचे ते ठरवतील. टोळी त्यानंतरही उतरेल, असे त्यांनी म्हटले आहे. काठावर बसलेल्याला फक्त कळले पाहिजे.

हा अर्ज भर दुपारी कडुलिंबाखाली लिहिला आहे. नत्थूजी जेवायला बसले आहेत, त्यामुळे दोर अर्जदाराच्या डाव्या हातात आहे आणि कागद धरायला हात उरलेला नाही. अक्षर वाकडे आले असल्यास क्षमा असावी. वडिलांची शिकवण मोडून एक वाक्य लिहिते: दोराच्या त्या टोकाला झाडाशिवाय काही नाही हे मला माहीत आहे, साहेब, पण मला तो सोडवत नाही.

आपल्या रिळाची वाट पाहणारी,
काठावरून,

(सही)
मालती उत्तम सोमकुवर

सोबत :
१) इयत्ता चौथीचे प्रश्न, पाठपोट. माशाच्या दिव्यातल्या तेलाचा प्रश्न केसरबाईंचा आहे, पण तो मुलांनी आपल्या नावावर घेतला आहे.
२) कोळशीचे रीळ सोबत जोडलेले नाही. पथक ते घाईत इथेच विसरले; ते सरपंच दादाजींच्या घरी धान्याच्या कोठीत सुरक्षित आहे व दुसरे रीळ मिळताच परत मिळेल.
३) ज्वारीच्या भाकरी, तीन, फडक्यात बांधून. केसरबाईंच्या आग्रहावरून. या आपल्यासाठी नाहीत. खालून वर आलेल्या माणसाला भूक लागते.