ते संदेश अंबरीशचे नाहीत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
परदेशस्थ नागरिक मदत कक्ष, मुंबई

अर्जदार : अच्युत विठ्ठल साबळे, वय ७१, हवाई दलातून निवृत्त, मूळ राहणार कोरेगाव, जि. सातारा, सध्या एयरोसिटी, मोहाली (चंदीगडजवळ)

विषय : जॉर्जियात गेलेले कुटुंब ‘संपर्कात आहे’ असे धरून बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २१ जुलै २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार आपला मुलगा अंबरीश, सून मधुरिमा व अकरा वर्षांची नात ओजस्विनी यांच्यासोबत राहतो. मुलगा मोहालीतच संगणक कंपनीत आहे. उन्हाळी सुट्टीत परदेशी जावे, पण शहरे सोडून खेड्यांत राहावे, तिथली लग्ने, जत्रा, चुली पाहाव्यात, ही तिघांची हौस. यंदा ते २ जूनला जॉर्जियात गेले. १९ जूनला परतायचे होते. गुडघ्यांमुळे अर्जदार गेला नाही. पहिले दहा दिवस रोज फोन येत होता. भट्टीच्या भिंतीला थापलेल्या रोट्या दाखवून नात ओरडली होती, “दादू, ये तो अपना तंदूर है!” तिला मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीतच देते, हे कृपया ध्यानात असावे.

२. १३ जून रोजी दुपारी डोंगरातल्या एका गावाहून मधुरिमाचा व्हिडिओ कॉल आला. गावदेवाचा उत्सव होता. खांद्यावर खांदे देऊन पुरुष दोन थरांचा गोल नाच करीत होते. देवस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर दगडांची एक ओळ होती. बायकांनी ती ओलांडायची नाही, अशी तिथली रीत. सून म्हणाली, “अप्पा, हे वर गेलेत पाहुणे म्हणून. दीड तास झाला. फोन लागत नाही. मला कसंतरीच होतंय.” अर्जदाराने तिला समजावले की, परमुलखातल्या रीतीला घाबरू नये. या वाक्याचा अर्जदाराला आज पश्चात्ताप होतो.

३. तेवढ्यात ते जिथे उतरले होते त्या घराच्या यजमानाने हसतमुखाने सुनेच्या हातून मोबाइल घेतला. अर्जदाराला मान लववली. मग स्वतःच्या मोबाइलमध्ये आपल्या भाषेत काही बोलला, आणि त्यातून एका बाईच्या आवाजात शुद्ध मराठी आले : “आपण वडील आहात का? आपण घरी एकटेच असता का?” अर्जदाराने सौजन्य म्हणून ‘हो’ म्हटले. फोन बंद झाला.

४. १५ जूनपासून मुलाच्या क्रमांकावरून रोज सकाळी संदेश येतो. नमुना : “बाबा, आपण कसे आहात? येथील उत्सव अत्यंत सुंदर आहे. आम्ही अधिक दिवस थांबत आहोत.” महोदय, अंबरीश अर्जदाराला जन्मात कधी ‘बाबा’ म्हणाला नाही. तो ‘अप्पा’ म्हणतो आणि अरेतुरे करतो. देवनागरी तो मोबाइलवर लिहीत नाही. इंग्रजी अक्षरांत ‘ए अप्पा, जेवलास का’ एवढेच त्याचे पत्र असते. सोबत येणाऱ्या फोटोंत तिघे पाठमोरे आहेत. सर्व फोटोंत सुनेच्या अंगावर १३ जूनचेच कपडे आहेत.

५. अर्जदार हे घेऊन चंदीगडच्या एका कार्यालयात गेला. तेथील गृहस्थ म्हणाले, “अंकलजी, मेसेज तो रोज आ रहे हैं। बच्चे घूम रहे हैं, घूमने दो।” मराठी वाचणारे तेथे कोणी नव्हते. ‘बाबा’ आणि ‘अप्पा’ यांतला फरक त्यांना कसा समजावा? म्हणून मराठी जाणणाऱ्या आपल्या कक्षाकडे पहिला अर्ज केला होता.

६. २ जुलैला फोन एकदाच उचलला गेला. नात बोलली, आणि मराठीत बोलली : “आजोबा, आम्ही सुखरूप आहोत. काळजी करू नये.” पाठ केलेल्या कवितेसारखे, एका सुरात. मागे कोणीतरी हळू आवाजात तेच शब्द पुढे सांगत होते. मग धडपड ऐकू आली आणि ती घाईने म्हणाली, “दादू, मत आना!” फोन तुटला. अर्जदाराने त्याच दिवशी ही हकीकत आपल्या कक्षाला व चंदीगडच्या कार्यालयाला कळविली.

७. आपल्या पत्रात याच फोनचा आधार घेऊन ‘नात स्वतः बोलली, सबब कुटुंब सुखरूप’ असे नमूद आहे. चंदीगडच्या गृहस्थांनी तर सल्ला दिला, “बच्ची ने खुद मना किया है, तो मत जाइए।”

८. काल संदेश आला : “बाबा, आपणही या. तिकीट पाठवले आहे. कोणाला सांगण्याची आवश्यकता नाही.” तिकीट खरे आहे. अर्जदाराच्या नावाचे, दिल्लीहून, ४ ऑगस्टचे, केवळ जाण्याचे. अर्जदाराच्या पारपत्राचा क्रमांक त्यावर बरोबर आहे. तो या अर्जापूर्वी अर्जदाराने कोणालाही कळविलेला नाही.

९. अर्जदार जाणार आहे. नातीने नको म्हटले, म्हणूनच जाणार आहे. तत्पूर्वी प्रकरण पुन्हा उघडून तिथल्या दूतावासामार्फत, पहिल्या अर्जात पत्ता दिलेल्या त्या घरी माणूस पाठवावा, आणि तिघांना प्रत्यक्ष समोर पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, ही विनंती.

१०. हा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. ४ ऑगस्टनंतर अर्जदाराच्या मोबाइलवरून आपणास ‘मुलगा भेटला, सर्व कुशल आहे, अर्ज मागे घेत आहे’ असा संदेश आल्यास तो अर्जदाराचा समजू नये, आणि त्याच्या आधारे हे प्रकरण निकाली काढू नये.

आपल्या कार्यवाहीवर चौघांची भिस्त ठेवून,

(सही)
अच्युत विठ्ठल साबळे
मोहाली, दि. २९ जुलै २०२५

सोबत :
१) चौघांच्या पारपत्रांच्या प्रती
२) १५ जूनपासूनचे सर्व संदेश व फोटो, छापील
३) विमानाच्या तिकिटाची प्रत
४) उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. त्यावर शेजारच्या वसुधा किन्हीकर यांचा पत्ता आहे. उत्तर त्या वाचतील.