खात्री होईपर्यंत पाव

३ मार्च
पॉझिटिव्ह. गव्हाचं वावडं आहे म्हणे — जन्माचं. रक्तातला आकडा मर्यादेच्या पाचपट. आणि माझी हयात गेली बेकरीत! चार वर्षं लोहाच्या गोळ्या गिळतेय, अंगी लागतच नव्हत्या. दोष माझ्याच हातच्या पावाचा निघाला.
दादाला भट्टीपाशीच सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला गव्हाचं वावडं? उद्या माशाला पाण्याचं म्हणतील."

४ मार्च
पाव बंद. कुणाला विचारलं नाही.

१३ मार्च
नऊ दिवस. सारखं यायचं ते तोंड बरं झालं. सकाळी मैद्याचं पोतं ओढलं तर दम लागला नाही. तिथेच पोत्यावर बसले आणि हसत सुटले. थकवा हा माझा स्वभावच आहे, असं मी धरून चालले होते.

१५ मार्च
पोटाचे डॉक्टर. पाव सोडल्याचं मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाई केलीत. तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासायचाय. गहू सोडला की आतडं सुधारू लागतं, मग निदान चुकू शकतं. सहा आठवडे रोज पाव खा."
"आणि नाही तपासलं तर?"
"तर जन्मभर अंदाजाने पथ्य पाळाल."
मग चित्र दाखवलं. आतड्याला आतून बारीक लव असते, टॉवेलला असते तशी. अन्न शोषते ती हीच. माझी बहुधा झडली असणार. पण गहू थांबला की परत उगवते — या वयातही! मी चित्रावरून बोट फिरवत राहिले. आपल्या आत असं काही चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.
निघताना म्हणाले, सख्ख्या भावानेही रक्त तपासून घ्यावं.

१६ मार्च
बेकरीत पीठ उडतं, नाकातोंडात जातं. रोग पक्का ठरला तर बेकरी सोडावी लागेल. पण नुसत्या अंदाजावर बाबांची भट्टी सोडवत नाही.
खाणार.

२२ मार्च
तोंड पुन्हा आलं. खातेय.

२९ एप्रिल
दुर्बीण. गुंगी नको म्हटलं, मला बघायचं होतं. पडद्यावर गुलाबी, ओला, चकाकणारा बोगदा. तो मी! डॉक्टर म्हणाले, "इथे लव दिसत नाही." तरी ते आतडं हलत होतं, आपलं काम करत होतं. चाळीस वर्षं मी त्याचे हाल केले आणि त्याने मला जगवलं. डोळे भरून आले. नर्सला वाटलं, दुखतंय.

८ मे
तुकड्याचा रिपोर्ट आला. खात्री झाली. दादाला म्हटलं, भट्टी तुझ्या हवाली, मी उद्यापासून पीठघरात पाऊल टाकणार नाही. तो पावाचे ट्रे पुसत राहिला. "तुझ्या समाधानासाठी" म्हणून तपासणीला रक्त मात्र देऊन आला. "मला दगड पचतात," जाताना म्हणाला.

१२ मे
दादाचा रिपोर्ट. पॉझिटिव्ह. आकडा माझ्या दुप्पट. माणसाचं कधी पोटसुद्धा दुखलं नाही.
त्याची दुर्बीण होईपर्यंत गहू सोडायचा नाही, हे मीच त्याला बजावलं. त्याने भाजलेल्या पहिल्या घाण्यातला पाव कापून त्याच्यापुढे ठेवला. भट्टीचं आता काय, हे कुणीच काढलं नाही. त्याने सावकाश चावून खाल्ला.
"मीठ कमी झालंय," म्हणाला.
खरंच कमी होतं; न चाखताही पावाच्या जाळीवरून दिसत होतं.