कापसाच्या पेटीतल्या कण्या

बाबा, परवा सकाळी तुमच्या जावयांनी वाटीत चमचा फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, “ह्या त कण्याच दिसून राह्यल्या. तू नको खाऊ, तुले बाधतीन.” लग्नाला चाळीस वर्षं होत आली. ह्या माणसाला माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, पण मला कण्या बाधतात हे पक्कं पाठ आहे. कारण ते तुम्ही सांगितलं होतं. सोयरीक पक्की होताना, बैठकीत, सगळ्या पाहुण्यांसमोर हात जोडून सांगितलं होतं की पोरीत खोड काढायला जागा नाही, फक्त तिला कण्या तेवढ्या देऊ नका. पाहुणे हसले. मी आतल्या खोलीत चहाचे कप पुसत होते आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं होतं. का झालं होतं, ते आज सांगते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली म्हणून सांगायची हिंमत होते आहे, हेही खरंच.

वाटीत कण्या नव्हत्या, ओट्स होते. तुमच्या जावयांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून डॉक्टरांनी सकाळच्या खाण्याला ओट्स सांगितले आहेत, आणि तुमच्या नातवानं पुण्याहून एक स्लो कुकर पाठवला आहे. म्हणजे विजेवर चालणारं, मातीच्या मडक्यासारखं जाड भांडं, काचेचं झाकण, एक बटण. रात्री निजताना लावायचं, ते मंद आचेवर सात-आठ तास चालतं, आणि सकाळी उठलं की खाणं तयार. सूनबाईनं व्हिडिओ फोनवर समोर बसवून शिकवलं. भांड्याला आतून तूप लावा, नाहीतर कडेला धरतं. एक वाटी जाड भरडलेले ओट्स, ते चपटे पातळ नाही, त्यांचा लगदा होतो. चार वाट्या पाणी आणि दूध मिळून. चिमूटभर मीठ, दालचिनीचा तुकडा, चार खजूर चिरून, सफरचंदाच्या फोडी. आणि शेवटी म्हणाली, “आई, मधेच झाकण उघडून बघू नका हं, वाफ गेली की सगळं बिघडतं.” बाबा, मी हो हो म्हणत फोन ठेवला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. तिच्या तोंडून तुम्हीच बोलला होता.

“झाकण उघडशीन त सकाळी कच्च्या खाशीन.” किती वेळा ऐकलं असेल मी हे. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा. रोहिणखेडच्या अलीकडची आपली ती दोन खोल्यांची जागा, मागं विहीर, विहिरीवर तुमची वांगी आणि मिरच्या. उजाडायच्या आत भाजी तोडून टोपली पहिल्या एसटीवर चढवायची असायची. मग सकाळी चूल पेटवणार कोण? गावातले लोक म्हणाले, दुसरी बायको कर. तुम्ही एक लाकडी पेटी केली. शेवटच्या वेचणीचा किडका, डागी कापूस तिच्यात गच्च भरला आणि मधे गंज, म्हणजे आपलं ते उभट पातेलं, मावेल एवढी जागा ठेवली. दर रविवारी जात्यावर जवारी भरडायची, चाळून पीठ बाजूला काढायचं, कण्या डब्यात भरायच्या. रोज संध्याकाळी पितळी गंजात पाणी उकळलं की त्यात मीठ घालून कण्या वैरायच्या, दहा-पंधरा मिनिटं रटरटू द्यायच्या, झाकणाच्या कडेनं ओल्या कणकेची वळी लावायची, गंज पोत्यात गुंडाळायचा आणि कापसात पुरायचा. वरून अजून कापूस, वरून आईची गोधडी. रात्रभर त्या आपल्या आपण शिजायच्या. सकाळी तुम्ही नसायचे, पण पेटी उघडली की हाताला ऊब लागायची. कणीक सोलून झाकण काढलं की मऊ, फुललेल्या, मोत्यासारख्या कण्या. त्यावर ताक, नाहीतर गूळ आणि दूध. बाबा, तशी चव मला नंतर कुठंच मिळाली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मी आठवीत धामणगाव बढ्याच्या हायस्कुलात जायला लागले. तिथं माझ्या बाकावर मोठ्या घरची एक मुलगी होती, स्वभावानं वाईट नव्हती. एकदा दुपारच्या सुट्टीत कोण काय खाऊन आलं याच्या गप्पा निघाल्या आणि मी मोठ्या कौतुकानं कण्यांचं सांगितलं. पेटीचं, कापसाचं, सगळं. ती सहज म्हणाली, “कण्या त आमच्या घरी व्यालेल्या म्हशीले घालतात.” सगळ्या हसल्या. मीही हसले. संध्याकाळपर्यंत कोणीतरी मला म्हैस म्हणून हाक मारली आणि ते आठवडाभर चाललं. आता ऐकताना किती बारीक गोष्ट वाटते, नाही? पण तेरा वर्षांच्या पोरीला विचारा. तुमच्यावर मला इतका राग आला की सांगता सोय नाही. दुसऱ्यांच्या घरी माय भाकरी थापते आणि आपल्या घरी बाप कापसात गंज पुरतो, ह्याची लाज वाटली. पण तुम्हाला हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? तुम्ही संध्याकाळी चुलीपुढं बसून कण्या वैरत होता, मी मागं उभी राहिले आणि म्हटलं, “मले कण्या नोको. कण्यांनं माह्यं पोट दुखते.”

तुम्ही वळलात. तो चेहरा मी विसरलेले नाही. आईचं दुखणं पोटापासूनच सुरू झालं होतं. दोन महिने ती पोट धरून कामं करत होती, आणि तुम्ही म्हणत होता की वाताचं असेल, ओवा खा. हे मला ठाऊक होतं, बाबा. पोट म्हणताना मला ते आठवलं नव्हतं, खरंच नव्हतं, पण तुम्ही वळून पाहिलं तेव्हा आठवलं. तेव्हाच जीभ चावून सांगायला हवं होतं की खोटं आहे, शाळेत पोरी चिडवतात. तुम्ही हातातली पळी तशीच ठेवली, जवळ आलात, पोटाला हात लावून विचारलंत, “कुठं दुखते? कवापासून दुखते? काऊन नाही सांगतलं वं?” मी बोट ठेवलं कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजी तोडली नाही. मला घेऊन मलकापूरला दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी पोट दाबून दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले, गुलाबी औषधाची एक बाटली दिली. तुम्ही त्यांना दोनदा विचारलंत, नक्की काही नाही ना. बाहेर आल्यावर बसस्टँडवर मला केळी घेऊन दिली आणि स्वतः नुसते बसून राहिलात. ती सगळी बाटली मी पिऊन संपवली. कडू होती, पण तोंड वाकडं केलं नाही. तेवढीच शिक्षा, असं मनाशी म्हणत होते.

आणि मग तुम्ही भाकरी शिकलात. शेजारच्या काकूंकडं जाऊन, परातीसमोर मांडी घालून. गावात बोभाटा झाला, पारावरचे लोक तुम्हाला भाकरीवाली म्हणायचे, तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचे. पहिल्या पंधरा दिवसांतल्या भाकरी एका अंगानं जाड, एका अंगानं करपलेल्या. पण आता पेटी नव्हती ना. उजाडायच्या आत मळ्यात पोचायचं म्हणजे त्याच्याही आधी चूल पेटवायला हवी. कोंबडा आरवायच्या कितीतरी आधी तुम्ही उठायचे. परातीवर थप थप थप ऐकू यायचं. मी गोधडीत जागी असायचे, डोळे मिटून. आज नको, उद्या सांगू, असं रोज ठरवायचे. पाच वर्षं ठरवलं. मी डी.एड.ला बुलडाण्याला येईपर्यंत एक सकाळ तुम्ही चुकवली नाही, तापातसुद्धा. मी पुढं शाळेत शिकवायला लागले, पहाटे उठून डबे करायला लागले, तेव्हा कुठं मला कळलं की त्या पेटीत तुमची झोप होती, आणि ती मी घेतली.

धाकटा मात्र फार रडला कण्यांसाठी. तुम्ही त्याला समजावलंत की ताईला बाधतात, तर घरात नकोतच. मी होस्टेलला गेल्यावर तुम्ही दोघांनी पेटी पुन्हा काढली, हे त्यानंच मला सांगितलं, डोळे मिचकावून. मी दिवाळीला घरी आले की पेटीवर गोधडी पसरलेली, वर माझी बॅग ठेवायला जागा केलेली, आणि तुम्ही चुलीपुढं, परातीसमोर. माझ्या देखत तुम्ही कधी कण्या खाल्ल्या नाहीत. मला वास येऊन त्रास होऊ नये म्हणून तुम्ही गंजसुद्धा मी यायच्या आधी राखेनं घासून ठेवायचे.

शेवटचे चार महिने तुम्ही माझ्या घरी होता. दात उरले नव्हते. मी रोज मऊ भात करायचे, कधी वरणाचं पाणी, कधी रव्याची पेज, आणि तुम्ही दोन घास खाऊन ताट सरकवायचे. एका दुपारी मी खूपच खोदून विचारलं की बाबा, काय खावंसं वाटतं ते तरी सांगा. तुम्ही खिडकीकडं पाहत म्हणालात, कण्या. मी उठलेच, लगेच लावते म्हणून. तुम्ही माझा हात धरलात. त्या हातात जोर नव्हता, पण मी थांबले. “राहू दे,” तुम्ही म्हणालात. “तुह्या घरात नोको. तुही माय नाही वाचली माह्याच्यानं. पण तू त वाचली. भाकरीनं वाचली तू.” मग जरा हसलात आणि विचारलंत, “जमत होती ना मले भाकरी?”

मी म्हटलं, “हाव बाबा. लय चांगली जमत होती.”

त्या वेळी शब्द अगदी ओठांवर होते. देवाशपथ होते. सांगितलं असतं तर तुम्ही कण्या खाल्ल्या असत्या, मी शेजारी बसून भरवल्या असत्या. पण मग त्या भाकरींचं काय झालं असतं? जन्मभर एका बाजूला आईचं ओझं आणि दुसऱ्या बाजूला त्या भाकरी, असं तुम्ही तोलून धरलं होतं. ते मी कसं काढून घेणार? असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगते. पण कधी कधी वाटतं की तो नुसता भित्रेपणा होता, आणि त्याला मी नंतर चांगलं लुगडं नेसवलं. काय खरं ते मला ठरवता येत नाही. एवढं खरं की तुम्ही कण्या मागितल्या होत्या आणि मी तुम्हाला भात भरवला.

काल संध्याकाळी मी बाजारातून जवारी आणली. मिक्सरवर थांबत थांबत भरडली, चाळली, पीठ बाजूला काढलं. तुमच्यासारख्या एकसारख्या नाही झाल्या. स्लो कुकरला तूप लावलं, कण्या, पाणी, मीठ, एवढंच. खजूर नाही, सफरचंद नाही. झाकणाच्या कडेनं कणकेची वळी लावायचा मोह झाला आणि मी लावलीही, गरज नसताना. बटण फिरवलं आणि झोपले. मधे एकदाही उठून पाहिलं नाही.

सकाळी झाकण काढलं तर बाबा, तोच वास. कडेला जरा धरल्या होत्या, पण मधल्या फुलल्या होत्या तशाच. मी मोठी वाटी भरली, ताक ओतलं. तुमचे जावई हातातला पेपर ठेवून बघतच राहिले. अगं, तुले बाधतात, असं म्हणून ते उठायलाच लागले. मी म्हटलं, वय झालं की कधी कधी बाधायचं थांबते. त्यांनी मान हलवली. बघा, अजून खोटंच. त्यांनाही सांगू शकले नाही, कारण ते सांगायचं तर आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता ते बाहेर बसून विचारतात, काय लिहून राह्यली एवढं? मी म्हटलं, किराण्याची यादी. हे कागद घडी करून जवारीच्या डब्यात खाली ठेवते, तिथं कोणी हात घालत नाही.

दोन वाट्या खाल्ल्या, बाबा. पोट दुखलं नाही. तेव्हाही दुखलं नव्हतं.