जुम्मा टाळून केलेला परदेश दौरा

पुणे स्टेशन,
रविवार, अमरदाद महिना, फसली १३५३ (तुमच्या इंग्रजी हिशेबानं जून १९४४)

श्रीयुत शिवलिंगप्पा अण्णा, मुक्काम सांगली, यांना धाकटा साडू वीरभद्रचा शरणार्थ. आमच्याकडं सर्व क्षेम आहे (म्हणजे तुळजापुरात आहे, मी सध्या पुण्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसून लिहितो आहे, इथलं क्षेम पुढं येईलच). तुमचा गुडघा कसा आहे, प्रेमाक्कांचा खोकला उतरला का, हळदीचा बाजार तेज की मंदा, सविस्तर कळवावं. रुद्रम्मानं तुम्हा दोघांना शरणार्थ सांगितला आहे. माझ्याविषयी तिनं जे सांगितलं ते लिहीत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या नीलम्माला मास्तरीण व्हायचं आहे. पोरगी सोळाची, सातवी पास, आणि पुढं मराठीतून शिकायचं तर निजाम सरकारची हद्द ओलांडून परमुलुखात जायला हवं. सोलापूर, पुणे आणि तुमची सांगली, तिन्हीकडं मुलींच्या ट्रेनिंगची सोय आहे, पण मुलीनं स्वतः येऊन नाव घातलं पाहिजे. यंदा नाव लागलं नाही तर मार्गशीर्षात लग्न, असा रुद्रम्माचा ठराव झाला आहे. त्या ठरावाला मीही मान हलवली होती (मान हलवण्याची मला कचेरीत अठरा वर्षांची सवय आहे).

तेव्हा प्रवासाचा तक्ता मी स्वतः तयार केला. तीन शहरं, दोन परकी राज्यं (एक इंग्रजांचं, एक तुमच्या सांगलीकरांचं) आणि खर्च कमीत कमी. तहसीलच्या पेशकाराला काय अवघड? साहेबांनी शनिवार-रविवारची रजा दिली. शुक्रवार आमच्या निजामशाहीत जुम्म्याचा, म्हणजे सुट्टीचाच. नीलम्मा म्हणत होती की शुक्रवारी सकाळीच निघू. मी तिला समजावलं की जुम्म्याच्या दिवशी जाऊन बंद दारं बघण्यात काय हशील? म्हणून शुक्रवारी मी यथेच्छ झोपलो आणि शनिवारी निघालो. शनिवारी सोलापूर, रविवारी पुणे. दोन्ही दिवस कचेऱ्या कशा गजबजलेल्या असतात. सांगली खाली लिहिली ती केवळ तक्ता भरलेला दिसावा म्हणून, रागावू नका. (तुम्ही इंग्रजी वारांवर जगणारी माणसं, आत्ताच हसू लागला असाल. जरा दम धरा.)

लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून आमच्याकडची भाड्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चालते म्हणजे चढ आला की आपण उतरायचं आणि ती चालते. त्यातून मी एक काटकसर शोधून काढली होती. हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडं उतरायचं, पायी पलीकडं जायचं आणि इंग्रजी हद्दीतली मोटार धरायची. भाडं बरंच कमी पडतं. कमी पडलंही. फक्त ट्रंक डोक्यावर घेऊन उन्हात चालावं लागलं, नाक्यावर शिपायानं नीलम्माची पुस्तकं एकेक उघडून पाहिली, आणि पलीकडची मोटार मी धरली ती तीन तासांनी. सोलापुरात पोचायला दोन वाजले. शाळेच्या दाराशी एक म्हातारा शिपाई विडी ओढत होता. त्यानं सांगितलं की शनिवारी अर्धी शाळा, बारालाच सुटली, आणि नावं घालायचा आज शेवटचा दिवस होता. शनिवारी अर्धी शाळा! आमच्याकडं असं अर्धं काम करून कोणी घरी जाईल तर (सबंध न करता जातात, ती गोष्ट वेगळी).

मी नीलम्माला म्हटलं, घाबरू नको, पुणं मोठं आहे, उद्या रविवार, सगळे जागेवर सापडतील. पॅसेंजरनं रात्रभर उभं राहून पुण्याला आलो. इथं तर शिपाईसुद्धा नाही. फाटकाला कुलूप, आणि त्याच्याशेजारी चिकटवलेला कागद, की जागा भरल्या, मुदत काल संपली. आमच्या कचेरीत शेवटची तारीख उलटली की मग अर्ज घ्यायला सुरुवात होते, त्या भरवशावर मी होतो. फाटकासमोर उभं राहून नीलम्मानं पदर डोळ्यांना लावला. अण्णा, खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

असो. रजा संपली, उद्या दुपारपर्यंत कचेरीत हजर नसलो तर अठरा वर्षांची नोकरी जाईल. सोलापूरच्या गाडीनं परत निघतो आहे. प्रेमाक्कांना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वीरभद्र

ता. क. १ : खरी गोष्ट आता लिहितो. सांगलीची मुदत उद्या, सोमवारी बारापर्यंत आहे, असं सोलापूरच्या त्या शिपायानं सांगितलं होतं. मघाशी नीलम्मा म्हणाली, "बाबा, तुमी कचेरीत जावा. मी सांगलीला जाते. बायकांचा डबा हाय." हिला आम्ही शेजारच्या गल्लीतसुद्धा एकटी धाडत नाही. मी एक तास नाही म्हणत होतो आणि आत्ताच तिचं तिकीट काढून आलो. तेव्हा हे पत्र टपालानं आलेलं नाही, जिनं तुमच्या हातात दिलं तीच नीलम्मा. कृपा करून गुडघ्याचा विचार न करता तिला लगेच घेऊन जा, बाराच्या आत. माझी काही काळजी करू नका, मला काळजी वाटत नाही.

ता. क. २ : (नीलम्माकडून. सांगली, सोमवार दुपार.) शिवलिंगप्पा काकांना शरणार्थ. मिरजेला गाडी बदलून नऊ वाजता उतरले. आधी तुमच्याकडं आले असते तर चहापाण्यात बारा वाजले असते, म्हणून विचारत विचारत थेट शाळेत गेले. माझं नाव लागलं. इथले पालक म्हणून तुमचं नाव न विचारता दिलं, त्याची क्षमा असावी. बाबांना लिहाल तेव्हा, तुम्हीच मला हाताला धरून नेलंत असं लिहा. काल गाडी सुटल्यावर ते फलाट संपेपर्यंत खिडकीबरोबर पळत होते, टोपी पडली तरी थांबले नाहीत. तुम्ही बरोबर होता म्हटलं की त्यांना झोप लागेल.