जोंधळ्याची वाकळ

२ ऑगस्ट २००४, सोमवार. सकाळी ६

शेवंता दीप्तीला घेऊन जयसिंगपूरला भावाकडे गेली, त्याला आज अकरा दिवस. हवापालट. शेजारच्या धोंडुबाईंना तसंच सांगितलंय. त्या म्हणाल्या, व्हय की, त्या हवेचा आवाज आमच्या चुलीपतूर आलता.

खरं तर काही झालं नव्हतं. दीप्ती नऊ वर्षांची. ऑटिझम आहे, एका जागी बसत नाही. बुद्धवंदनेला दहा मिनिटं बसावी म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले, एवढंच. ती चावली. माझा आवाज थोडा चढला असेल. मुळात मी शांत माणूस.

निश्चय: महिनाभरात घर दीप्तीला मानवेल असं करायचं. ऑगस्टअखेर दोघी परत.

३ ऑगस्ट, मंगळवार

निशिगंधा मॅडमकडे गेलो. दीप्तीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजवर शेवंताच न्यायची. मला एसटी डेपोतून रजा मिळत नसे. मॅडमनी विचारलं, मुलगी कुठंय? म्हटलं, आधी मी शिकतो.

त्यांनी घरी करायच्या गोष्टींचा तक्ता दिला. झोका. भिंत ढकलणे. तांदळाच्या डब्यात हात घालून खेळणे. जड पांघरुणाखाली पाच मिनिटं. त्याने अंगाला ठाव मिळतो म्हणाल्या. शेवटचा रकाना वडिलांसाठी: मुलीजवळ नुसतं बसणे. हात धरायचा नाही, बोलायचं नाही, ती जवळ आली तरी आपण हलायचं नाही.

शेवटचं सगळ्यात सोपं. मी रोज वीस मिनिटं ध्यानाला बसतो.

९ ऑगस्ट, सोमवार

छताला हुक बसवून घेतला. झोका टांगला. तक्ता रिकामा ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून स्वतःच झोके घेतले. दहा मिनिटं. खूण केली. भिंत ढकलली. धोंडुबाई खिडकीतून म्हणाल्या, भाऊ, भिंत पडाय लागलीया व्हय? खूण केली.

शेवटच्या रकान्यासाठी दीप्तीची उशी शेजारी ठेवून बसलो. सात श्वासांनंतर पंख्याचा कपॅसिटर बदलायचा आठवला, उठलो. तरी खूण केली. बसलो तर होतो.

१४ ऑगस्ट, शनिवार

मॅडम म्हणाल्या होत्या, पांघरुणाचं वजन मुलीला बघून ठरवू. तोवर कशाला थांबायचं? आईच्या लुगड्यांची वाकळ होती. चौकटी चौकटीत शिवली. आत काय भरावं यावर बराच विचार केला. वाळू टोचते. गोटे लागतात. शाहूवाडीहून भावाने पाठवलेला जोंधळा घरात होता. मऊ, गोल, जड. तोच भरला. हे पुस्तकात नसणार. मॅडमना सांगायला हवं.

पाच मिनिटं पांघरून पडलो. डेपोत जायला उशीर झाला.

२४ ऑगस्ट, मंगळवार

वाकळ धुतली. दीप्तीला वास सहन होत नाही. त्यासाठी अगरबत्तीही बंद केली आहे. बुद्धमूर्तीपुढे नुसती फुलं. वाकळ दोरीवर वाळत घातली. पाऊस आला, आत घेतली. ऊन आलं, बाहेर नेली. पुन्हा पाऊस.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

फोन केला. मेहुणा आकाराम म्हणाला, दाजी, रविवारी घिऊन येतो, पर ताई म्हणत्यात नुस्तं बघून परत यायचं. मी मुक्कामाचं काढलं नाही. घर बघून ती आपोआप राहील.

मग त्याने दीप्तीच्या कानाला रिसीव्हर लावला. श्वास ऐकू येत होता. मी तीनदा म्हटलं, बाबा म्हण. फोन कट झाला. पावसात लाइन खराब असते.

२८ ऑगस्ट, शनिवार

वाकळीला मोड आले आहेत. शिवणीशिवणीतून पांढरे कोंब, काही हिरवे. धोंडुबाई बघून गेल्या. म्हणाल्या, पेरणी झ्याक झाली, आता भांगलण कवा? मी हसलो नाही. उलटून घातली. उलट्या बाजूनेही आले आहेत.

२९ ऑगस्ट, रविवार

दहाला आले. शेवंता वाळली आहे. दीप्ती झोक्याकडे गेली नाही. तांदळाकडे बघितलं नाही. सरळ वाकळीपाशी बसली आणि एकेक कोंब उपटून फरशीवर ओळीत मांडू लागली. एका जागी. इतका वेळ बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी हातभर अंतरावर बसलो. मांडी घालून. बोललो नाही. घड्याळात चार मिनिटं झाली.

मग माझ्याकडे न बघता ती मागे सरकली आणि तिची पाठ माझ्या गुडघ्याला टेकली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी तिला दोन्ही हातांनी मिठीत घेतलं. कोणीही घेतलं असतं.

ती किंचाळली. चावली. शेवंता दीप्तीच्या चपला शोधू लागली. बारा वाजता गेले. जेवण केलं होतं ते तसंच राहिलं.

३० ऑगस्ट, सोमवार

जखम खोल नाही. एकंदरीत प्रगती आहे.

३१ ऑगस्ट, मंगळवार

शेवंताचा फोन. दीप्तीचं नाव तिकडच्याच शाळेत घातलं. झोका पाठवून द्या म्हणाली, तिथं आंब्याला टांगता येईल. कधी याल विचारलं. आता दिवाळीत बघू, म्हणाली.

झोका सोडवून पोत्यात बांधला. हुक राहिला.

मॅडमकडे तक्ता न्यायचा होता. नेला नाही. बसून महिन्याच्या सगळ्या खुणा रबराने खोडल्या. एकच ठेवली, रविवारची. पुढे लिहिलं: चार मिनिटं.

धोंडुबाई म्हणाल्या, भाऊ, ती वाकळ कुजंल, टाकू का उकिरड्यावर? नको म्हटलं. संध्याकाळी तिच्यावर थोडं पाणी शिंपडलं. दीप्ती आली की तिला उपटायला कोंब लागतील.

दिवाळीला अडीच महिने आहेत. रोज थोडं शिंपडायचं.