टाकीचं जुनं पाणी

आई,

दुपारी घर गपगार होतं. लाईट आली अन् माशांच्या टाकीची मोटर एकदम घरघरली. मले वाटलं, बाबाच खाकरले. उठून पाहिलं तर त्यांचा उरलेला एकच लाल मासा तळाशी कलंडलेला, अंगभर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. खुशीले घेऊन वर्ध्याले औषध आणायले चालली.

तुम्ही वाडीतून आल्या की मोटर बंद करू नका. मोरीजवळच्या बादलीत कालपासून टाकीसाठी नळाचं पाणी निवळत ठेवलं आहे, त्यानं हातपाय धुऊ नका. टाकीतलं दोन तांबे पाणी काढजा अन् बादलीतलं दोन तांबे हळूच सोडजा. हळद टाकू नका, आई. दाणेही नको.

एक सांगायचं राहून गेलं. बाबांच्या तेरवीले तुम्ही घरातलं जुनं पाणी फेकायले सांगितलं, ते माठाचं अन् हंड्याचं. टाकीचं मी माझ्याच मनानं फेकलं. दगडं घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. दुकानवाला आज फोनवर म्हणे, "वहिनी, माशाले जपणारे बारीक जीव त्या दगडावर अन् जुन्या पाण्यातच होते." चार मासे गेले तवा तुम्ही म्हणाल्या, त्यायनंच नेले आपल्या संगं. नाही आई, ते माझ्या हातानं गेले.

खुशी चपला घालून दारात उभी आहे. विचारून राह्यली, "आई, हाही मेला तं पुन्हा सारं पाणी फेकाचं काय?"